लिंबाची डहाळी

इंजिन बंद झालं, पण गेणू वर आला नाही.

बहात्तरचा दुष्काळ. मखमलाबादच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी पार तळाला गेलं, म्हणून भावांनी डिझेलचं इंजिन विहिरीतच, अर्ध्यावरच्या खडकाच्या टप्प्यावर उतरवलं होतं. ते बंद करायला गेणू खाली गेला होता. थोरल्या पुंजारामनं डोकावून पाहिलं. निळसर धूर साचला होता आणि गेणू इंजिनाशेजारी पालथा पडला होता.

पुंजारामनं वहाणा फेकल्या आणि पायरीवर पाय टाकला. तेवढ्यात त्यांची आई, धोंडाबाई, कांद्याच्या वाफ्यातून धावत आली. तिनं खाली पाहिलं, पुंजारामला सदऱ्याला धरून मागं खेचलं आणि दोन पोरांच्या बापाला चारचौघांत एक मुस्काटात दिली.

"धुरानं पडलाय त्यो. तू उतरलास का तू बी पडशील."

लिंबाची मोठी डहाळी तोडून आणा, असं तिनं सांगितलं. जमलेल्या माणसांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पोरगा खाली मरतोय आणि हिला पाला सुचतोय. शेजारच्या मळ्यातला सहादू तर तसं बोललाही.

गेणूची बायको लंका विहिरीकडे झेपावली. दोघींनी तिला धरून ठेवलं. सासूच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, हे पाहून ती हबकून गेली होती.

"आत्याबाई, तुमच्याच पोटचा हाय ना त्यो?"

"रडायचं मागनं," धोंडाबाई म्हणाली. "आधी दोर आण."

दोराला डहाळी बांधून तिनं ती विहिरीत सोडली आणि जोरानं खालीवर करू लागली. विहिरीतली कोंडलेली हवा हलवायची ही जुनी रीत. गाळ काढायला उतरण्याआधी सगळेच असं करत. आज ती एकालाही आठवली नव्हती. सहादू खजील झाला आणि दुसरी डहाळी घेऊन समोरच्या काठावर उभा राहिला. धूर ढवळला, वर आला, सगळ्यांना खोकला सुटला. पुंजाराम दर घडीला, आता जाऊ का, म्हणून विचारत होता. ती नुसती नकारार्थी मान हलवत होती.

खालचा खडक स्वच्छ दिसायला लागला तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं पुंजारामच्या कमरेला दोर बांधला. गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. दोराचं टोक चौघांच्या हातात दिलं. गरगरलं की हाक मार, ते ओढून घेतील, एवढंच सांगितलं. मग ती परत डहाळीला लागली.

पुंजारामनं वरून सोडलेल्या दुसऱ्या दोरानं गेणूला बांधलं. माणसांनी आधी गेणूला वर घेतलं, मागोमाग पुंजारामला.

गेणूला बाभळीखाली निजवलं. बराच वेळ काही हललं नाही. लंकेनं त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. मग तो खोकला, ओकला, आणि त्यानं डोळे उघडले. लंका तोंडात पदर कोंबून रडू लागली. सहादूनंही डोळे पुसले. म्हातारीपुढं हात जोडावेत म्हणून तो वळला आणि जागच्या जागी थांबला.

धोंडाबाई अजून विहिरीच्या काठावरच होती. डहाळी खालीवर होत होती. पाला कधीच झडून गेला होता. उघडी काठी खडकावर आपटत होती.

पुंजारामनं तिच्या हातातला दोर धरला. "आये, आला गेणू वर. बघ तरी."

मागून गेणूनं क्षीण आवाजात हाक मारली, "आये."

तिनं मान वळवली नाही. पुंजारामचा हात झटकून टाकला.

"सोड," ती म्हणाली. "माझा गेणू खाली हाय."