दोन वाजताचा फोन

"ताई, आज निळा स्कार्फ. परवाच्या पिवळ्यापेक्षा बरा."

कुजबुजणारा आवाज स्टुडिओत घुमला आणि निवेदिकेचा हात नकळत गळ्याशी गेला. काचेपलीकडे इंजिनिअरने 'काही कळत नाही' अशा अर्थी हात उडवले.

समलिंगी आणि तृतीयपंथी प्रेक्षकांसाठीची ही वाहिनी जेमतेम दीड वर्षाची. गावोगावचे केबलवाले ती बंद करत सुटले होते. या आवाजाने पहिल्याच दिवशी आपलं गाव सांगितलं होतं. तिथे तर तीन आठवड्यांपासून पडदा काळा होता. इंजिनिअरने दोनदा खात्री केली होती. तरी रोज दुपारी दोन वाजता, थेट कार्यक्रमात फोन येई, नंबर लपवलेला, आणि पलीकडून पडद्यावरचं सगळं अचूक सांगितलं जाई.

"तुमच्याकडे वाहिनी दिसते कशी?" तिने विचारलं.

"दिसते."

"घरी माहीत आहे?"

"नाही. कळलं तर संपलंच."

"कोंडून ठेवलंय का तुम्हाला? बाहेरून कडी लावतात?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"बाहेरून नाही, ताई. आतून." मग घाईघाईने, "कुणीतरी आलं." खट्.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. निवेदिका रोज दोनला फोनपाशी जाऊन बसे. सतराव्या वर्षी मामाने तिलाही खोलीत कोंडलं होतं. तसा श्वास तिने स्वतःचाच ऐकला होता.

"त्या गावात आपला सिग्नल एकाच जागी पोचतो," इंजिनिअर म्हणाला. "केबलवाल्याच्या ऑफिसात. पुढे त्याने तोडलाय. आणि त्याचं बिऱ्हाड ऑफिसच्या मागच्याच खोल्यांत आहे."

दोघं सकाळीच गाडी काढून निघाले.

केबलवाला साठीचा, भरघोस मिशांचा. भिंतभर टीव्ही चालू होते, सगळे आवाज बंद करून. त्याने बसा म्हटलं नाही.

"तुमचं चॅनल विसरा. इथे घराघरात लेकी-सुना आहेत."

"त्यासाठी नाही आलो. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको. का?"

"त्यांना भेटायचंय."

"भेटा की," मागून आवाज आला. पडद्याआड त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

निवेदिका पुढे झाली. "काकू, घाबरू नका. मी आहे. माझ्याशी बोला."

"मी कशाला घाबरू?" काकूंचा आवाज खणखणीत होता. "चार दिवसांपूर्वी दुपारी यांना जेवायला हाक मारायला आले, तर तुमचं ते थोबाड इथल्या टीव्हीवर! वायर मीच उपटली. कुठल्या मेल्या नोकराने लावलं होतं, सापडू दे फक्त. तेव्हापासून रोज दुपारी इथेच खुर्ची टाकून बसते. काय हो?"

"हो," केबलवाला म्हणाला.

बोलण्यासारखं काही उरलं नाही. केबलवाला त्यांना गाडीपर्यंत हाकलत आला. काकू ऑफिसच्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या.

"पुन्हा या गावात पाऊल टाकायचं नाही!" तो रस्ताभर ऐकू जाईल असा ओरडला आणि गाडीचं दार लावायला वाकला.

"खरंच येऊ नका, ताई," तो कुजबुजला. "मी पकडली जाईन."