लोहपंखाचं पोट

"पोट काढ त्याला," शैलाताई म्हणाल्या.

"काकू, सुपरहिरोला पोट?" तन्वीर हसला. गेममधल्या हिरोंची चित्रं काढून देणं हा त्याचा मिरजेतला धंदा.

"होतं ह्यांना. चांगलं सुटलेलं."

यजमान वारले, तरी गेममधला त्यांचा लोहपंख त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच सवयींनी खेळत राहिला होता. पण गेमचा नियम असा, की लोक हिरोचं जे चित्र जास्त शेअर करतील, तसा तो होत जातो. पोरांनी लोहपंखाला पिळदार काढलं. मग पोट गेलं, टक्कल गेलं आणि काल त्याने शैलाताईंनाच विचारलं, "आपण कोण?"

"साधं चित्र कुणी शेअर करणार नाही, काकू. टिंगल मात्र गावभर फिरते. चालेल?"

शैलाताईंनी पदर घट्ट ओढून घेतला. "काढ."

उडताना पायजमा सावरणारा ढेरपोट्या लोहपंख बघता बघता देशभर फिरला. लोकांची हसून हसून वाट लागली.

संध्याकाळी शैलाताईंनी गेम उघडला. लोहपंख कठड्यावर एकटाच बसला होता.

"शैले," तो हळूच म्हणाला, "सगळे मला का गं हसतायत?"

त्या पडद्याजवळ सरकल्या.

"हसू देत. तुम्ही बसा इथंच."