फ्रेझरचा वकील

“इलो परत मेलो!” गुरुदासने मोबाइल उशीवर आपटला.

सकाळी त्याने आपल्या फेसबुकच्या पानावर जगातल्या दहा सर्वश्रेष्ठ हेवीवेट बॉक्सरांची यादी टाकली होती. पहिला अली. पाच मिनिटांत खाली ‘लेफ्ट हुक’ नावाच्या माणसाची ओळ हजर: ‘तुम्ही एकाहत्तर साल विसरलात. न्यूयॉर्कला पंधराव्या फेरीत अली आडवा. पहिला नंबर फ्रेझरचा.’

त्या ओळीला बेचाळीस लोकांचे अंगठे. यादीला अकरा.

कट्टा गावाजवळच्या एका हायस्कुलात तीस वर्षं पीटी शिकवून गुरुदास निवृत्त झाला होता. आता त्याच्याकडे हे एक पान होतं आणि त्यावर गोळा झालेले जुने विद्यार्थी. त्यांच्यासमोर हा कोण कुठला उपटसुंभ चतुर्थीपासून रोज त्याची जिरवत होता!

बरं, माणूस स्वतःबद्दल अक्षर लिहायचा नाही. गाव नाही, फोटो नाही. फक्त सालं आणि ठोसे. लहानपणच्या दुखापतीमुळे फ्रेझरचा डावा हात नीट सरळ होत नसे, हेसुद्धा त्याला ठाऊक! गुरुदासने ते एका जुन्या मासिकात वाचलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा असली मासिकं तो बायकोला, मथुरेला, मोठ्याने वाचून दाखवायचा. पुढे शाळा, शिकवण्या, टीव्ही. वाचणं राहिलं, बोलणंही जेवणाखाणापुरतं उरलं. मासिक केव्हाच रद्दीत गेलं. या माणसाकडे ते अजून असणार, या विचाराने तो जास्तच जळला.

मथुरा पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती. कानात वायरी, बाजूला फोन. मुलाने, सर्वेशने, चतुर्थीला दिलेला. दिवसभर तिची भजनं चालायची.

“ह्यो माणूस साधा माजा नाव घेणा नाय गो! सगळे ‘गुरुदास सर’ म्हणतत. ह्याचा आपला नुसता ‘तुम्ही’.”

तिने एक वायर काढली. “नाय घेतल्यान तर नाय. बोलता तरी मां तुमच्याशी?”

“तुका काय कळता त्यातला!”

तिने वायर परत कानात घातली. तेवढ्यात कुरिअरवाला आला. “साहेबांचं नाव काय?” मथुरेने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. शेवटी गुरुदासनेच उठून सही केली आणि तावातावाने मोबाइल हातात घेतला.

‘फ्रेझरने अलीला हरवलं, मान्य. पण त्याच फ्रेझरला फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. त्या फोरमनला आठव्या फेरीत कोणी लोळवलं? अलीने! फ्रेझरला पुढे दोनदा कोणी हरवलं? अलीने! आज दुपारी एकपर्यंत सर्वांसमोर माझं नाव घेऊन हार मान्य करा. नाहीतर हे पान कायमचं बंद.’

लिहून झाल्यावर त्याने ते पुन्हा वाचलं. पान बंद केलं तर उद्यापासून बोलायचं कोणाशी? पण शब्द गेला तो गेला.

बारा वाजले. ‘सर, बंद नका करू,’ विद्यार्थी विनवत होते. लेफ्ट हुकचा पत्ता नव्हता. या वेळेला तो कधीच नसायचा. नोकरीवाला असणार, दुसरं काय!

साडेबाराला आतून आमटीतल्या तिरफळाचा वास आला. मथुरा पदराला हात पुसत दारात उभी राहिली.

“जेवूक येवा.”

“माका नको!”

“तां पान खरांच बंद करतालास?”

“एक वाजलो काय बंद! माजा नाव घेवक त्याची जीभ झडता काय?”

ती आत गेली.

एकला दोन मिनिटं कमी असताना मोबाइल वाजला. लेफ्ट हुक! गुरुदासने घाईघाईने चष्मा चढवला.

‘अलीला दिला पहिला पाट, फ्रेझरला दुसरा,
गुरुदासरावांचं नाव घेते, आता भांडण विसरा.’