मागचा परवा

माझ्या बेस्ट फ्रेंडचा, यिंगचा मेसेज आला, चक्क चिनीत: "अवोन्डेल सोडून वेलिंग्टनला. होउथिएन."

दोन वर्षं शाळेत चिनी शिकलेय मी! होउ म्हणजे मागे, थिएन म्हणजे दिवस. म्हणजे आमचं अवोन्डेल सोडून परवाच गेली? मला न भेटता? मी हीप्स रडले, अगदी ढीगभर.

संध्याकाळी बेल वाजली. दारात यिंग! "तू तर परवाच गेलीस ना?" मी ओरडले.

"येडू!" हा शब्द तिला मीच शिकवलेला. "होउथिएन म्हणजे उद्यानंतरचा दिवस. आमच्यात येणारे दिवस पाठीमागे असतात, दिसत नाहीत म्हणून."

मी तिला घट्ट मिठी मारली. "तरी मला मागे टाकूनच चाललीस ना?"

"कशी टाकेन? गेलेले दिवस डोळ्यांसमोर असतात. आणि माझ्या सगळ्या गेलेल्या दिवसांत तूच आहेस."