वैनी, तुमी आतच ऱ्हावा

आठवडाभर न धुतलेला निळा टी-शर्ट. देव्हाऱ्यात ठेवलेला रिमोट. परातभर भडंग. स्वयंपाकघराचं ओढून घेतलेलं दार.

सांगलीत देवदत्तच्या घरी मुलींच्या वर्ल्डकपची फायनल चालू होती. बायकोनं टीव्हीकडं पाहिलं की आपल्या मुलींच्या हातून कॅच सुटतो, हा त्याचा सेमीफायनलपासूनचा शोध. म्हणून चारुशीला आत.

"अहो, शेवटची ओव्हर तरी बघू द्या."

"वैनी, देशासाठी एवढं करा की! तुमी आतच ऱ्हावा," पलूसहून खास मॅच बघायला आलेला त्याचा दोस्त पृथ्वीराज ओरडला.

कॉमेंट्री ऐकत ती आतूनच म्हणाली, "लाँगऑनला मागं न्यायला पाहिजे. ही डोक्यावरून मारणार."

"तुला काय कळतंय त्यातलं? भडंगाला कांदा चिर."

पुढचाच चेंडू लाँगऑनच्या डोक्यावरून सीमेपार गेला.

"फटीतून बघितलंस ना?" देवदत्त खेकसला.

तरीही भारत तीन धावांनी जिंकला. पृथ्वीराजनं दाराशी जाऊन हात जोडले. "वैनी, मॅच तुमीच जिंकून दिली बगा!"

देवदत्तनं डोळे पुसत स्टेटस टाकलं : 'पोरींना खेळू द्या. घरच्यांनो, आडवे येऊ नका.'



सोळा वर्षांपूर्वी, ज्या दिवशी चारुशीलाची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, नेमक्या त्याच दिवशी देवदत्तनं हट्टानं साखरपुडा ठेवायला लावला होता.