फीबीचे पाय

बॉस्टनहून मेलेल्या तान्हुलीच्या चेहऱ्याचा साचा तेवढा आला होता, म्हणून माझ्या शिल्पकार नवऱ्यानं पुतळ्याचे पाय आमच्या लेकीचे, फीबीचे पाहून घडवले. आज त्या बाळाची आई फ्लॉरेन्सला स्टुडिओत आली. संगमरवरी तळव्यांवर ओठ टेकून म्हणाली, “अगबाई, बोटंसुद्धा तिचीच! कसं हो जमलं?” नवरा दाढीतच पुटपुटला, “चेहऱ्यावरून अंदाज येतो, बाई.” कारागीर नेल्लो कुजबुजला, “वहिनी, पायांबद्दल फीबीला खाऊ द्या आता!” तेवढ्यात फीबीच अनवाणी रांगत आली. मी चटकन उचललं, पाय एप्रनमध्ये दडवले. बाईंनी हात पुढे केले, “घेऊ हिला?” “नको!” मी ओरडलेच, जणू मरण चिकटतं. त्यांचे हात तसेच राहिले. मला लाजेनं वर बघवेना. त्यांनी शाल काढून फीबीच्या पायांभोवती गुंडाळली. “बरं केलंत उचललंत. फरशी गार आहे. आमची अशीच रांगत होती, माझं लक्षच नव्हतं.”