विमानातून आलेली स्थळं

गुरांचे डॉक्टर गोठ्यात शिरले तशी काकूंनी मेलेल्या माश्यांनी भरलेली बरणी त्यांच्यापुढे आपटली. "गाईच्या जखमेत आधीच अळ्या पडल्यात, आणि वर तुम्ही विमानातून आणखी माश्या सोडता? दिसेल ती चपलेनं हाणली मी!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो काकू, हे आपले नर होते! मुद्दाम कारखान्यात वाढवलेले, खच्ची केल्यासारखे. या माशीची मादी जन्मात एकदाच जोडीदार निवडते. तिने यांच्यातला एखादा निवडला, की तिची अंडी फुकट. असं करत करत जातच संपते."

"म्हणजे सगळी मदार तिच्या निवडीवर?"

"हो ना! रानात चांगले धडधाकट नर असताना तिने नेमका आपला बिनकामाचा निवडला पाहिजे. तीच तर धाकधूक आहे."

तेवढ्यात ओसरीवरच्या खाटेवरून काकांची हाक आली. "अगं ए, माझ्या नाकावर माशी बसलीय. जरा येऊन हाकल बघू!"

काकूंनी हातातली चप्पल खाली टाकली.

"सोडा डॉक्टर, खुशाल सोडा. ती चुकणारच."